मोठी छत्री (१६५ सेंमी): दहा महिने वापरल्यावर काय वाटतंय

ही पावसाची नाही, फोटोग्राफीची छत्री, फ्लॅशचा लाइट तिच्या आतल्या बाजूवर आपटून पसरतो आणि मऊ होतो. मागच्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आधी घेतली होती, म्हणजे आता दहा महिने झाले. घेतली तेव्हाच ठरवलेलं की लगेच काही लिहायचं नाही, एक लग्नाचा सीझन, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे मग बोलू, कारण नवी वस्तू पहिल्या आठवड्यात चांगलीच वाटते.

मी साताऱ्यात असते, घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढते, साखरपुडे, डोहाळजेवणं, बारशी, आणि सीझनला लग्नं. बहुतेक वेळा मी आणि माझा भाचा असे दोघंच, सामान अॅक्टिव्हावर. फ्लॅश गोडॉक्स कंपनीचा एडी२०० आहे, २०० वॅट-सेकंद ताकदीचा, त्यावर बेअर बल्बचं (उघड्या बल्बचं) हेड. छत्री आतून पांढरी, बाहेरून काळी, सोळा काड्यांची, काड्या फायबरच्या, आणि पुढून चढवायचं पांढरं डिफ्यूजरचं कापड वेगळं मिळालं. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं. त्याआधी माझ्याकडे ४३ इंची पातळ पांढरी छत्री होती, जिच्यातून लाइट आरपार जातो ती.

घेण्याचं खरं कारण मुंडावळ्या. छोट्या फ्लॅशने नवरानवरीचे क्लोजअप काढले की मुंडावळ्यांच्या लडींच्या सावल्या गालावर अगदी रेघ मारल्यासारख्या पडतात, आणि त्या सावल्या नंतर कॉम्प्युटरवर काढत बसणं म्हणजे एका फोटोला वीस मिनिटं. अल्बममध्ये असे साठ-सत्तर फोटो असतात. नथीचं पण तेच, नथीची सावली वरच्या ओठावर येते आणि लांबून मिशी असल्यासारखं दिसतं, कुठल्या नवरीला आवडेल ते. मोठ्या छत्रीने हा त्रास जवळजवळ संपलाय. म्हणजे सावली असते पण तिला कडा नसते, ती चेहऱ्यात विरून जाते. एवढ्या एका कारणासाठी सुद्धा मी ती परत घेईन.

पण हे लगेच झालं नाही. पहिले दोन महिने मला वाटत होतं की छत्री मोठी म्हणजे लाइट मऊ, कुठेही लावा. कार्यालयात स्टेजच्या खाली, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेच्या कडेला स्टँड लावायचे, नवरानवरीपासून पाच मीटर तरी लांब, आणि रात्री घरी येऊन फोटो बघितले की सावल्या परत तशाच कडक. मग एका रविवारी घरी भाच्याला खुर्चीत बसवलं आणि टेप घेऊन अर्ध्या-अर्ध्या मीटरने छत्री मागे नेत फोटो काढले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लाइट किती मऊ पडणार हे छत्री किती सेंटिमीटरची आहे त्यावर ठरत नाही, तर समोरच्या माणसाच्या जागी बसून बघितलं तर ती केवढी दिसते त्यावर ठरतं. पाच मीटरवरची १६५ची छत्री आणि दीड मीटरवरचा ५० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर लावायची कापडी पेटी), दोन्ही चेहऱ्याला सारखेच दिसतात, गणित करून बघा. म्हणजे एवढं धूड वागवायचं आणि मिळवायचं काय तर छोट्या सॉफ्टबॉक्सचा लाइट. आता मी एका माणसासाठी किंवा जोडीसाठी छत्री दीड-पावणेदोन मीटरच्या आत आणते, फ्रेमच्या कडेला काड्यांची टोकं दिसायला लागली की जराशी मागे. लोक बिचकतात सुरुवातीला, एवढी मोठी वस्तू तोंडाजवळ आली म्हणून, पण दोन-तीन फोटोंनंतर विसरतात.

ग्रुप फोटोचं गणित मात्र बरोबर उलटं आहे आणि तिथे मी खूप चुका केल्या. लग्नातला ग्रुप म्हणजे आपल्याकडे अठरा-वीस माणसं, लहान मुलं पुढे खाली, आज्या-आजोबा खुर्चीत, बाकीचे मागे दोन रांगांत. छत्री एका बाजूला जवळ लावली आणि समजा जवळचा माणूस दोन मीटरवर आणि पलीकडच्या टोकाचा चार मीटरवर असेल तर पलीकडच्याला चौथा हिस्सा लाइट मिळतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे लाइट दुप्पट किंवा निम्मा). या टोकाची आत्या पांढरीफटक आणि त्या टोकाचे काका अंधारात. तीच छत्री मागे नेऊन पाच आणि सात मीटर केली की फरक एका स्टॉपवर येतो पण मऊपणा जातो. सध्या मी काय करते, छत्री सरळ माझ्या मागे उंच लावते, स्टँड पूर्ण वर, तोंड थोडं खाली वाकवलेलं, आणि मी तिच्या पुढे उभी राहून फोटो काढते. माझी सावली पडेल असं वाटतं पण पडत नाही, कारण छत्री माझ्या चारी बाजूंनी बाहेर येते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा लाइट, मागच्या रांगेतल्यांवर पुढच्यांच्या डोक्याची सावली पण फार नाही. चेहरे थोडे सपाट दिसतात हे खरंय, कोणाला चेहऱ्यात उठाव हवा असेल तर त्याने एकट्याचा फोटो वेगळा काढावा, वीस जणांच्या फोटोत प्रत्येकाला स्वतःचं तोंड नीट दिसलं पाहिजे बस. जागा नसेल आणि बाजूलाच लावायला लागली तर छत्रीचं तोंड जवळच्या माणसाकडे न ठेवता लांबच्या टोकाकडे वळवायचं, जवळच्याला कडेचा लाइट पुरतो. आयएसओ (कॅमेरा लाइटला किती संवेदनशील ते) ४००, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ ला फ्लॅश अर्ध्या पॉवरच्या आसपास ठेवून काम होतं, म्हणजे बॅटरीही टिकते आणि फ्लॅश परत भरेपर्यंत लोकांना "थांबा थांबा" म्हणावं लागत नाही.

आता भिंतींबद्दल, कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. जुनी आरपारवाली छत्री घरात लावली की निम्मा लाइट मागे उलटा भिंतीवर जायचा आणि भिंतीचा रंग घेऊन परत यायचा. आपल्याकडे घरांच्या भिंती पांढऱ्या कुठे असतात, पिस्ता, पोपटी, गुलाबी, आणि जुन्या घरात तो चमकणारा हिरवा ऑइलपेंट. एका डोहाळजेवणाला सगळ्या फोटोंत बाईच्या गालाची सावलीची बाजू हिरवट आली होती आणि ते व्हाइट बॅलन्सने (अख्ख्या फोटोचा रंग सुधारायच्या सेटिंगने) निघत नाही, कारण उजेडाची बाजू बरोबर असते, फक्त सावलीच हिरवी असते. एक बरोबर करायला गेलं की दुसरं जांभळं होतं. काळ्या पाठीची छत्री घेतल्यापासून हे खूप कमी झालंय, मागे काही जातच नाही. पूर्ण गेलं नाही, समोरच्या भिंतीवरून येतं थोडं, पण खपण्यासारखं. तुमचं काम घरांमध्ये जास्त असेल तर काळ्या पाठीचीच घ्या, हे मी अगदी ठासून सांगते.

चांदीच्या, म्हणजे आतून चंदेरी, छत्रीबद्दल पण विचारतात. मित्राची आणून तीन कार्यक्रम वापरली. लाइट नक्कीच जास्त येतो, माझ्याकडे साधारण एक स्टॉपचा फरक पडला. पण पैठणीच्या पदरावर जरीचे पांढरे ठिपके फुटतात, तिथे काही डिटेलच राहत नाही, मोर आहे का कोयरी आहे ते कळत नाही. आणि मे महिन्यात घामेजलेल्या कपाळावर, नाकावर जी चमक येते ती पांढऱ्या छत्रीत पसरट दिसते, चांदीत टोचते. पांढऱ्यावर डिफ्यूजर चढवलं की पदराची जर सोन्यासारखी दिसते, आरशासारखी नाही. लाइट कमी पडतो तो मी आयएसओने भरून काढते.

अजून एक, फ्लॅश दांड्यावर किती पुढे-मागे ठेवायचा याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. फार आत सरकवला तर फक्त मधला भाग उजळतो, म्हणजे मोठ्या छत्रीचे पैसे देऊन छोटी वापरल्यासारखं. फार बाहेर घेतला तर लाइट काठावरून सांडतो. सोपी युक्ती अशी की फ्लॅश एकदम कमी पॉवरला ठेवायचा, अॅपर्चर बंद करत न्यायचं आणि छत्रीचाच फोटो काढायचा, लगेच दिसतं कुठे उजळतंय आणि कुठे काळं राहिलंय. माझ्या दांड्यावर मी त्या जागी लाल टेप लावलीये. साधा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरत असाल तर झूम सगळ्यात वाइडला आणि त्यातली ती पारदर्शक पट्टी बाहेर, नाहीतर एवढी छत्री भरतच नाही.

घरात लावताना पंखा. हे खरंच लिहायला हवं कारण आपल्याकडे स्लॅब दहा फुटांचा, त्यातून पंखा लटकलेला, आणि छत्री वर केली की पात्याला लागायला वेळ लागत नाही. मी घरात शिरले की पहिलं बटण बंद करते आणि त्यावर कागदी टेप चिकटवते, म्हणजे कोणी पाहुणा सवयीने चालू करणार नाही. उकाड्यात लोक कुरकुरतात, त्यामुळे घरातलं काम वीस मिनिटांत आटपायचं अशी सवय लागलीये. छत्री उघडून डिफ्यूजर चढवायला दोन मिनिटं लागतात, सॉफ्टबॉक्सच्या काड्या बसवत बसायचे तेव्हा त्यातच दहा जायची.

चष्म्याचं सांगते. एवढी मोठी पांढरी वस्तू आजोबांच्या चष्म्यात पूर्ण दिसते, डोळेच दिसत नाहीत. छत्री उंच आणि बाजूला न्यायची, आजोबांना हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगायचं, आणि तरी राहिलं तर चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित वर उचलायच्या म्हणजे काच खाली झुकते. चष्मा काढायला मी कधीच सांगत नाही. चाळीस वर्षं चष्म्यात बघितलेल्या माणसाचा बिनचष्म्याचा फोटो घरच्यांना ओळखीचा वाटत नाही.

मार्चमध्ये एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं, वाईजवळच्या गावात. कार्यक्रम झाल्यावर सगळे जेवायला गेले आणि आजी ओसरीवर टेकून बसल्या होत्या, जांभळ्या इरकलीत. छत्री त्यांच्यापासून सव्वा मीटरवर आणली, डिफ्यूजर लावून, दारातून येतो तसा एका बाजूने लाइट, फ्लॅश एकदम कमी. त्या फोटोत सुरकुत्या सगळ्या आहेत, एकही पुसलेली नाही, पण एकही कोरल्यासारखी दिसत नाही, आणि डोळ्यांत छत्रीचा गोल पांढरा ठिपका आहे दाराच्या उजेडासारखा. मी घेतली ग्रुपसाठी आणि मुंडावळ्यांसाठी, पण तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासाठी दहा मिनिटं बाजूला काढते, पैसे न घेता. आजींच्या घरच्यांनी तो फोटो मोठा करून माजघरात लावलाय.

बाहेरचं काम मात्र जपून. मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंगला गेलो होतो, सकाळी वारा नव्हता, दहानंतर सुटला आणि छत्री स्टँडसकट आडवी. पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन लटकवले होते तरी. सुदैवाने फ्लॅश गवतात पडला. फायबरच्या काड्या वाकून परत सरळ झाल्या, लोखंडी असत्या तर वाकड्याच राहिल्या असत्या, फक्त एक सांध्यातून निसटली आणि कापड टोकाला उसवलं. पावसाळ्याआधी बाजारात छत्री दुरुस्तीवाले बसतात त्यांच्यापैकी एका काकांकडे नेली, त्यांनी सोळा काड्या मोजल्या (नेहमीच्या छत्रीला आठ असतात), तारेने सांधा बांधला आणि टोकाची टोपी शिवून दिली, अजून घट्ट आहे. आता बाहेर भाचा दांडा धरून उभा असल्याशिवाय छत्री उघडतच नाही. आणि भर उन्हात तसाही उपयोग नाही, शटर १/२०० आणि आयएसओ १०० ला एफ ११ च्या आसपास जावं लागतं, माझा फ्लॅश डिफ्यूजरमधून तिथवर पोचत नाही, हायस्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवायची सोय) लावला तर पॉवर अजून कमी. त्यामुळे बाहेर फक्त सावलीत किंवा सूर्य मावळताना.

पावसाळ्यात ओली नसतानाही कापडाला वास यायला लागला, काळ्या बाजूला बुरशीचे ठिपके दिसले. साताऱ्याची हवा जुलैत अशीच असते. पिशवीत गुंडाळून ठेवायची सोडून आता ती खोलीत अर्धवट उघडी टांगते, डिफ्यूजर साध्या साबणाने हाताने धुतलं, चांगलं निघालं. पांढरं कापड दहा महिन्यांत किंचित पिवळसर झालंय, फोटोत थोडा उबदारपणा येतो, मला तो त्रासदायक वाटत नाही.

ब्रॅकेटने, म्हणजे छत्री स्टँडला धरणाऱ्या भागाने, त्रास दिला. पहिला स्वस्तातला होता, छत्रीच्या वजनाने हळूहळू मान टाकायचा, आणि स्क्रू जास्त आवळला तर पोकळ दांड्याला पोचा पडतो, माझ्या दांड्याला पडलाय. घेताना दांड्याची जाडी नक्की बघा, ७, ८ आणि १० मिलिमीटर असे प्रकार येतात आणि जाड दांडा बारीक भोकात जात नाही.

स्कूटरवर नेताना बंद छत्री पायापाशी आडवी मावत नाही, मागे बसणाऱ्याने उभी धरायची. एकटी असते तेव्हा मी ती नेतच नाही, त्यासाठी आता १०५ची घेतीये, तीही पांढरी, काळ्या पाठीचीच.