भाषाविज्ञान शिकलात, पण प्राध्यापकी नको: मार्गदर्शक कुणाला कराल?

कोल्हापुरात भाषा घेऊन एम.ए. झालेल्याला घरचे, शेजारचे आणि विभागातले सगळे एकच वाट दाखवतात. सेट-नेट काढ, पीएच.डी.ला नाव घाल, तोवर तासिका तत्त्वावर शिकव आणि जागा निघायची वाट बघ. ज्यांना त्या वाटेनं जायचं नाही, किंवा बरीच वर्षं जाऊन आता पुरे वाटतंय, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

बोलणं ओळखणारी यंत्रं, यंत्रानुवाद, कोश, कोर्टातली भाषांतरं, मोबाइल ॲपमधला मराठी मजकूर, या सगळ्याला भाषेची रचना जाणणारी माणसं लागतात. पण जाहिरातीत ‘भाषावैज्ञानिक पाहिजे’ असं क्वचितच छापून येतं. ‘लँग्वेज डेटा ॲनालिस्ट’, ‘लोकलायझेशन रिव्ह्यूअर’, ‘कॉन्टेंट डिझायनर’ अशी नावं असतात आणि आपण त्यात बसतो हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्या वाटेनं आधी गेलेलं माणूस गाठावं लागतं.

विभागातले सर-मॅडम की कंपनीतलं माणूस?

सरांनी तुमचं लिखाण वर्षानुवर्षं वाचलेलं असतं. तुम्ही ध्वनीत रमता की वाक्यरचनेत, काम वेळेत देता की रखडवता, हे त्यांना ठाऊक असतं. संस्थांमधल्या कामासाठी त्यांच्या शब्दाला वजन आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था (स्थापना १९६९), पुण्याचं डेक्कन कॉलेज, १९९२ साली स्थापन झालेली राज्य मराठी विकास संस्था, अशा ठिकाणच्या प्रकल्पांत कंत्राटी जागा निघतात. तिथं शिफारसपत्र लागतं आणि ते ओळखीच्या प्राध्यापकाचं असलं तर फरक पडतो. तिकडे जायचं असेल तर सरांना सोडून दुसरीकडे धावू नका.

कंपनीचं काम मात्र वेगळ्या नजरेनं तपासलं जातं, आणि हा फरक नीट समजून घ्यायला हवा. समजा गडहिंग्लज भागातलं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आलं. शेतकरी म्हणतो, “मी आत्ता जेवायलोय.” प्रबंधात तुम्ही या क्रियारूपावर वीस पानं लिहाल. चालू काळ असा कसा घडला, प्रमाण मराठीतल्या ‘जेवतोय’शी त्याचं नातं काय, सीमाभागातल्या कन्नडचा संबंध लावता येतो का. सर खूश होतील, आणि ते योग्यच आहे. कंपनीत प्रश्न असा येतो: हे ‘जेवायलोय’ असंच लिहायचं की ‘जेवतोय’ करायचं? प्रमाण रूप लिहिलं तर यंत्राला कोल्हापुरी कधीच ऐकू येणार नाही. ऐकलं तसंच लिहिलं तर पुढं शोध घेताना, भाषांतर करताना ते रूप हाती लागणार नाही. अनुभवी माणूस सांगतो की दोन थर ठेवा, एकात ऐकलं तसं आणि दुसऱ्यात प्रमाण रूप. मग नियम इतक्या सोप्या शब्दांत लिहा की भाषाविज्ञान न शिकलेली दहा माणसंही तो सारख्याच पद्धतीनं पाळतील. ती खरंच सारखं लिहितायत का हे मोजतात. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेलं ‘कप्पा’ हे माप आजही वापरात आहे. आकडा कमी आला तर माणसांना बोल लावण्याआधी नियम तपासायचा असतो. ही शिस्त पुस्तकापेक्षा ते काम केलेल्या माणसाकडून फार लवकर शिकता येते.

अशी माणसं आहेत. केंद्र सरकारनं २०२२ साली ‘भाषिणी’ हे भारतीय भाषांतल्या यंत्रानुवादाचं व्यासपीठ सुरू केलं. आयआयटी मद्रासचा ‘एआय४भारत’ गट, आयआयटी मुंबई आणि पुण्याची सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था भारतीय भाषांवर काम करतात. त्यांच्याभोवती ध्वनिमुद्रण, लिप्यंकन (म्हणजे ऐकलेलं लिहून काढणं) आणि तपासणीची कामं घेणाऱ्या लहान कंपन्या आहेत. तिथं चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला मी वीस वर्षं काढलेल्या मोठ्या साहेबापेक्षा वर ठेवीन. नोकरीत शिरतानाची परीक्षा कशी होती, पहिल्या महिन्यात काय अडलं, हे त्याला अजून आठवतं. साहेब आता ती परीक्षा देत नाहीत, आणि ती आता पूर्वीसारखी राहिलेलीही नसते.

एक अडचण सांगून ठेवतो. गोपनीयतेच्या करारामुळे ही माणसं स्वतःचं काम दाखवू शकत नाहीत. म्हणून नमुना तुम्हीच तयार करून न्या. घरातल्या किंवा गावातल्या कुणाची रीतसर संमती घेऊन दहा मिनिटांचं बोलणं मुद्रित करा, ‘ईलान’ किंवा ‘प्राट’ ही मोफत साधनं वापरून लिहून काढा, आणि नियमांचं एक पान सोबत जोडा. “मार्गदर्शन कराल का?” या निरोपाला उत्तर येईलच असं नाही. “या पानातला तिसरा नियम बरोबर आहे का?” याला बहुधा येतं.

परदेशातलं की पुण्या-बंगळुरूचं?

१९२४ साली स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिकेत विद्यापीठाबाहेर काम करणाऱ्या भाषावैज्ञानिकांचा स्वतंत्र गट आहे. तिकडची मंडळी नवख्यांशी मोकळेपणानं बोलतात, बहुतेकदा पैसे न घेता. त्यांच्याकडून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वतःचं काम दुसऱ्याच्या भाषेत मांडायची सवय. ‘क्षेत्रीय अभ्यास केला’ असं न लिहिता ‘तीस लोकांच्या मुलाखती आखल्या, घेतल्या, त्यातून निष्कर्ष काढले’ असं लिहायला ते शिकवतात. वापरकर्त्यांच्या संशोधनासारख्या क्षेत्रात तर हेच पाहिलं जातं. वेळेचाही फारसा त्रास नाही. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा.

पण इथला बाजार त्यांना माहीत नसतो. मराठी भाषांतराला दर शब्दामागे किती पैसे मागावेत, एजन्सीच्या साखळीत तुमच्यापर्यंत किती उरतं, कोण पैसे थकवतं, कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा, वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असताना जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही हे, अशा गोष्टी पुण्या-बंगळुरूचं माणूसच सांगेल. फ्रीलान्स करायचं असेल तर परदेशी मार्गदर्शकावर विसंबू नका. बाहेरच्या कंपनीत थेट अर्ज करायचा असेल तर तोच आधी गाठा.

फी घेणारे कोच

यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नोकरीची हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रेझ्युमे सजवून देणारे भरपूर आहेत, पण भाषेच्या कामाची जाण त्यांच्यात क्वचितच दिसते. पैसे खर्च करायचेच असतील तर पायथन या संगणकभाषेच्या चांगल्या वर्गावर किंवा भाषांतरात वापरल्या जाणाऱ्या कॅट टूलच्या प्रशिक्षणावर करा. ते हातात राहतं.

कोल्हापुरातच राहायचं असेल तर

घरची शेती, आईवडिलांचं वय, लहान मूल, कारणं बरीच असतात आणि ती रास्त असतात. अशांसाठी ऑगस्ट २०२५ पासून एक दार उघडलंय, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे खटले इथं येतात. खालच्या कोर्टातली फिर्याद, पंचनामा, साक्षी, सातबारा, फेरफार, खरेदीखत हे सगळं मराठीत आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. वकिलांना भाषांतर लागतं आणि तेही चटकन.

इथं मार्गदर्शक म्हणून ना प्राध्यापक उपयोगी, ना बंगळुरूचा इंजिनिअर. कोर्टात भाषांतर करून निवृत्त झालेली व्यक्ती किंवा जुना वकील गाठा. ‘कब्जेदार’, ‘कूळ’, ‘वहिवाट’ हे शब्द इंग्रजीत कसे न्यायचे आणि कधी तसेच ठेवायचे, हे त्यांच्या शेजारी बसून कागद वाचल्याशिवाय येत नाही. चुकीच्या शब्दानं कुणाची जमीन अडचणीत येऊ शकते, त्यामुळं त्यांची करडी तपासणी आनंदानं सोसावी. जुन्या जमिनीच्या वादांत मोडी कागदही निघतात. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे आणि पुराभिलेख संचालनालय मोडी वाचनाचे वर्गही घेतं. लिपी आणि ध्वनी दोन्ही समजणाऱ्या माणसाला हे काम लवकर जमतं.

प्रबंध अर्ध्यावर असेल तर सरांना धरून ठेवा आणि महिन्यातून अर्धा तास कंपनीतल्या एका माणसाशी बोला. सरांपासून ते लपवू नका, शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचंय. तासिकेवर शिकवून कंटाळला असाल आणि लगेच उत्पन्न हवं असेल तर कोर्टाच्या भाषांतरापासून सुरुवात करा, तंत्रज्ञानाचं शिक्षण संध्याकाळी चालू ठेवा. कुणीही मार्गदर्शक असो, तिसऱ्या भेटीपर्यंत त्यानं तुमचं काम वाचायला मागितलं नाही, तर आभार मानून दुसरं माणूस शोधा.