रेकॉर्ड प्लेयर आधी घ्यावा की कॅसेट डेक?

माझा भाचा लातूरला असतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, जुनी स्टिरिओ सिस्टीम जमवायचं मनात आहे. रात्री घरी आलं की डोकं शांत होईल असं काहीतरी पाहिजे. रेकॉर्ड प्लेयर घेऊ का कॅसेट डेक?" (डेक म्हणजे स्वतःचा स्पीकर नसलेलं, आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला जोडायचं कॅसेटचं यंत्र.) फोनवर अर्धंच उत्तर देता आलं. उरलेलं इथं लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले आणखी बरेच जण असणार.

मी त्याला आधी उलट विचारलं, "घरात काय पडलंय?" आपल्या मराठवाड्यात बहुतेक घरांतून रेकॉर्ड कमी आणि कॅसेट जास्त निघतात. भीमगीतं, कीर्तनं, भारुडं, वगनाट्यं, उरुसातल्या कव्वाल्या, यातलं पुष्कळसं कॅसेटवरच आलं आणि तिथंच राहिलं. शिवाय घरी टेप केलेल्या आजीच्या ओव्या आणि बारशाची गाणी असतातच. रेकॉर्डचं जग वेगळं आहे. शास्त्रीय, नाट्यसंगीत, सिनेमाची गाणी यांचा तिथं मोठा साठा आहे आणि चांगल्या प्रतीच्या तबकडीतून आवाज जसा भरीव येतो तसा कॅसेटमधून क्वचितच येतो. हे मी कॅसेटच्या बाजूचा असूनही मान्य करतो.

आता शांततेचं. लाँगप्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एक बाजू साधारण २० ते २५ मिनिटांत संपते. मग उठायचं, तबकडी उलटायची, ब्रश फिरवायचा, सुई ठेवायची. मधलं गाणं सोडून पुढं जावंसं वाटत नाही, म्हणून माणूस बसून राहतो. ज्याला नुसतं ऐकायचं आहे त्याच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. कॅसेटची एक बाजू ३० किंवा ४५ मिनिटं चालते आणि हातातलं काम करत ऐकता येते. पण डेकचं खरं सुख त्याच्या दुरुस्तीत आहे, आणि ते हात काळे केल्याशिवाय कळत नाही.

माझा पहिला डेक मी बंद अवस्थेतच आणला होता. झाकण उघडलं तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. परभणीचे बरेच उन्हाळे त्याने पत्र्याखालच्या माळ्यावर काढले होते. ते डांबर पुलीवरून काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस आणि दोन रविवार लागले. नवा पट्टा बसवला, टेप ओढणारा पिंच रोलर पुसला, टेप वाचणारं हेड पुसलं, कॅसेट लावली. चालली, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कीर्तनाची कॅसेट लावून तो स्क्रू केसभर फिरवत गेलो आणि एका जागी टाळ एकदम खणखणीत झाले. मागं कुणीतरी खोकलेलंसुद्धा ऐकू आलं. त्या रात्री मी तीच बाजू तीनदा ऐकली. (हा स्क्रू मूळ जागी परत नेता यावा म्हणून आधी त्यावर पेनाची खूण करून ठेवा.)

रेकॉर्ड प्लेयर नाजूकपणा मागतो. सुई धरणाऱ्या दांड्याचं, म्हणजे टोनआर्मचं, सुईवर पडणारं वजन बहुतेक काट्रिजांना (टोकाला बसणाऱ्या, सुई असलेल्या डबीला) दीड-दोन ग्रॅमच्या आसपास लागतं. जास्त झालं तर खाच झिजते. फार कमी ठेवलं तरी सुई खाचेत उड्या मारते आणि नुकसान तेवढंच होतं. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डींची खाच रुंद असते, त्यांना वेगळीच सुई लागते. लाँगप्लेच्या सुईवर त्या वाजवू नका. आणि धूळ! आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ खिडकी बंद असली तरी आत येते आणि तबकडीच्या खाचेत बसली की तडतडते. रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, उन्हाच्या भिंतीपासून लांब. आडव्या रचल्या तर मे महिन्यात वाकतात. उन्हाचा त्रास कॅसेटलाही होतो, पण घट्ट डबीतली कॅसेट धुळीत बरीच तग धरते.

विजेचा मुद्दा लोक विसरतात. जुन्या पट्ट्याच्या बऱ्याच रेकॉर्ड प्लेयरांची मोटर विजेच्या वारंवारतेवर, म्हणजे हर्ट्‌झवर चालते. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ आहे. जपानच्या पश्चिम भागात आणि अमेरिकेत ६०. तिकडची पुली तशीच राहिली तर इथं तबकडी सहाव्या हिश्शाने सावकाश फिरते आणि गायकाचा सूरच खाली जातो. टेक्निक्सचा एसएल-१२०० (१९७२) यासारख्या डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय मोटरच थेट तबकडी फिरवते अशा) यंत्रांना ही अडचण नाही, पण ती महाग पडतात. डेकमध्ये बहुधा डीसी मोटर असते, तिला हर्ट्‌झशी देणंघेणं नाही.

रेकॉर्ड प्लेयरची आणखी एक गरज म्हणजे अँप्लिफायरला 'फोनो' सॉकेट हवं. मॅग्नेटिक काट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि टिपेचे सूर जास्त केलेले असतात, ते फोनोचं सर्किट पुन्हा जागेवर आणतं. डेक कोणत्याही 'टेप' किंवा 'ऑक्स' सॉकेटला लागतो. आणि रेकॉर्ड प्लेयरची ती बारीक अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला न विसरता लावा. माझ्या मित्राकडे तीन संध्याकाळी नुसती घूं घूं चालू होती. काट्रिज बदलायला निघाले होते आणि तार कपाटामागं लोंबकळत होती.

अँप्लिफायर जपानी की देशी? जपानमध्ये बनलेले मारांट्झ, सान्सुई, पायोनियर दिसायला देखणे आणि आवाजाला गोड. पण जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टवर चालतो. थेट आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातला तर जळालाच. मागची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. काहींत आवाज वाढवणारं सर्किट एकाच ठोकळ्यात असतं, त्याला एसटीके मॉड्यूल म्हणतात. ते गेलं तर अस्सल मिळणं अवघड, बाजारात नकलींचा सुळसुळाट आहे. जुना देशी सेट रंगारूपाने साधा, पण त्यात अनेकदा २एन३०५५ सारखे ट्रान्झिस्टर असतात. ते आजही मिळतात आणि गावातला रेडिओ मेकॅनिक डोळे झाकून बदलतो. पहिल्यांदा जमवणाऱ्याने देशीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणताही जुना सेट आणला की लगेच सुरू करायचा नाही. शंभर वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून सेटला जाईल असा, लावून मगच बटण दाबायचं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सेट ठीक. भगभगीत तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि मेकॅनिककडे न्या. सेट बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज धरून असते, आत बोट घालू नका.

स्पीकर घेताना हलणाऱ्या पडद्याच्या (कोनच्या) कडेचा फोम बोटाने हळूच दाबून बघा. भुगा पडला तर कडा नव्याने बसवाव्या लागतील. कापडी कडा जास्त वर्षं टिकते. स्पीकरच्या ओहमचा (विद्युत रोधाचा) आकडा अँप्लिफायरच्या मागं लिहिलेल्या आकड्याशी जुळवा, बाकी फार डोकं लावू नका.

सामानासाठी आपला मराठवाडा सोयीचा आहे. देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबईला नेते, तिथं लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार. दुसऱ्या बाजूला सिकंदराबाद, तिथून हैदराबादेतल्या कोटीच्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत जाता येतं. पण त्याआधी आपल्याच गावातली भंगाराची दुकानं बघून घ्या.

भाच्याला मी कॅसेट डेक, देशी अँप्लिफायर आणि कापडी कडेचे स्पीकर सांगितले. तो दिवसभर स्क्रीनसमोर बसतो, त्याच्या हातांना काम हवंय. त्याच्या जागी निवृत्त झालेले, पाठ दुखणारे माझे मोठे भाऊ असते तर रेकॉर्ड प्लेयरच म्हणालो असतो. काल त्याचा पुन्हा फोन आला. ताईच्या लोखंडी पेटीत चाळीसेक कॅसेट सापडल्यात, त्यातल्या एकीवर नुसतं "माहेर, १९८९" लिहिलंय. तिची दाबपट्टी (टेप हेडवर दाबून धरणारी आतली पट्टी) निघालीय म्हणतो. मी म्हटलं, वाजवू नको, तशीच घेऊन ये, दुसऱ्या कॅसेटची पट्टी काढून बसवू.