फोर्ज्ड चाकं आणि ‘कास्टिंगची कड’ : माझे ६७,००० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगतो. चार चाकं ५४,०००, चार टायर २७,६००, फिटिंग-बॅलन्सिंग १,४००, त्यातून माझ्या जुन्या सेटचे १६,००० वजा. एकूण ६७,०००. दहा हजार आगाऊ, बाकीचे जागेवर यूपीआयने. घरी अजून चाळीसच सांगितलेत.

आणि मी नवखा नाही, हेही लिहून ठेवतो. गाडी २०१५ ची पोलो जीटी टीएसआय. मूळ टायर १८५/६० आर१५, म्हणजे व्यास साधारण ६०३ मिमी. १६ इंची चाकावर २०५/५० बसवला तर ६११, फरक दीड टक्क्याच्या आत. स्पीडोमीटरला धक्का नाही. दुकानदार १७ इंचीसाठी मागे लागला होता, खड्डे बघून मीच नको म्हटलं. पीसीडी (बोल्टच्या भोकांची मांडणी) ५x१००, हबचा (ज्यावर चाक बसतं त्या मधल्या भागाचा) व्यास ५७.१, सगळं तोंडपाठ. आठवडाभर वहीत गणितं मांडली होती. त्याने मला वहीत नसलेल्या जागी कापलं.

चाकं ‘फोर्ज्ड, कंटेनरमधून आलेली, जेमतेम वापरलेली’. (साडेतेरा हजारांत एक महागडं फोर्ज्ड चाक? हो, आता सगळे हेच विचारतात. वापरलेला माल म्हणून स्वस्त, असं मी धरून चाललो.) तरी मी चाक उलटं करून पाहिलं. स्पोकच्या मागे रुंदी, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा), किती भार पेलतं ते उठवलेलं असतं. इथे १६x७ दिसत होतं आणि त्यापुढे खरखरीत पट्टा, वरून ताजा काळा रंग. माझं बोट त्यावरून फिरलं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “कास्टिंगची कड होती साहेब, घासून घेतली.”

कास्टिंगची कड! फोर्ज्ड चाकाला! ते दाबून घडवतात, साच्यात ओततात ते कास्ट. त्याने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली आणि मी मान डोलावली. मला हा फरक माहीत नव्हता असंही नाही, चार मित्रांना मीच समजावलाय. पण गाडी जॅकवर, पोरगा माझी जुनी चाकं टेम्पोत चढवतोय, अशा वेळी ‘थांब’ म्हणायची लाज वाटली. जुनी चाकं हातची सोडू नका, निदान शंभर किलोमीटर गाडी चालवून होईपर्यंत तरी.

८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. दुसऱ्या एका कारागिराने चाक काढून दाखवलं : मधलं भोक ७३.१, आणि हबभोवती उरणारी फट भरणारी रिंग घातलेलीच नाही. बोल्ट माझेच जुने, गोल बुडाचे, आणि या चाकांना लागतात शंकूच्या आकाराचे. म्हणजे बोल्ट नीट टेकलेच नव्हते आणि मी त्यावर मुलांना बसवून घाट उतरलो. ऑफसेट ३८ सांगितला होता, मोजला तर २५. चाक १३ मिमी जास्त बाहेर, म्हणूनच मागे तिघं बसले की टायर फेंडरला घासत होता. आतल्या बाजूला वेल्डिंगची शिवणही निघाली.

टायर? उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. त्याने ती बाजू आत घातली होती. आकडे होते ३११७, म्हणजे २०१७ चा ३१ वा आठवडा. टायर रिमवर चढवायच्या आधी आकडे वाचा आणि फोटो काढा.

चौकीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा “हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा.” तिसऱ्यांदा हवालदाराने चाकांचे फोटो बघून “दिसतायत तर भारी” असं म्हटलं. खोडलेले आकडे, बुजवलेली चीर, हे फसवणुकीत बसत नाही तर काय बसतं? ऑनलाइन फसवणुकीच्या कक्षाने ‘तुम्ही समोर जाऊन पैसे दिलेत’ म्हणून हात झटकले. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे सगळं वाचून गेलो. खिडकीवरचा पहिला प्रश्न : “बिल?” माझ्याकडे होतं चिठोरं, त्यावर ‘१६ अलॉय सेट’ एवढंच. जीएसटी वाचेल म्हणून पक्कं बिल मीच नको म्हटलं होतं. हे खिडकीवरच्या बाईंना मोठ्याने सांगावं लागलं, मागे रांग उभी असताना. यूपीआयची पावती आहे म्हटलं, तर पैसे त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर गेलेले. दुकानाच्या नावाचं खातं नसेल तर तिथूनच परत फिरा.

दुकानदार आता फोन उचलत नाही. मागच्या आठवड्यात माझी जुनी चाकं मला विक्रीच्या जाहिरातीत दिसली. डाव्या मागच्या चाकावर फुटपाथला घासलेला माझाच ओरखडा. भाव २८,०००. मित्राच्या नंबरवरून फोन लावला, माल कसा आहे म्हणून विचारलं.

“एकदम ओरिजिनल साहेब. कुठेही रिपेअर नाही, वेल्डिंग नाही. मी स्वतः तपासून घेतलीत.”