कड न कापता बांधून मिळालेलं बायबल

सोलापुरात जुनं पुस्तक बांधून घ्यायचं म्हटलं की लोक झेरॉक्सच्या दुकानाकडे बोट दाखवतात. तिथं स्पायरल होतं, बांधणी होत नाही. आजोबांचं इंग्रजी बायबल मी गेल्या वर्षी एका ठिकाणी नेलं होतं. त्या माणसानं ते हातात घेतलं आणि थेट कटिंग मशीनकडे वळला. तीन बाजू कापल्याशिवाय फिनिशिंग येत नाही, म्हणाला. मी पुस्तक घेऊन तशीच घरी आले.

यंदा नवी पेठेतल्या आतल्या गल्लीत एक वयस्कर चाचा भेटले. अजून हातानं जुजबंदी करतात, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्या दोऱ्यानं शिवून बांधणी. त्यांच्या कामाबद्दल लिहायचं तर आधी हे सांगायला हवं, की मला कडांची एवढी काळजी का होती.

उत्पत्ती म्हणजे बायबलातलं पहिलं पुस्तक. त्याच्या पहिल्या पानावर बाजूला बारीक टाइपात 4004 छापलंय. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "बाई, ह्यो प्रेसचा नंबर हाय का?" मी म्हटलं, नाही चाचा, हे जगाच्या जन्माचं साल आहे, ख्रिस्तपूर्व 4004. आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी शास्त्रातल्या वंशावळ्या आणि राजांची वर्षं जुळवून ते काढलं आणि 1650 मध्ये छापलं. पुढे इंग्रजी बायबलांच्या कडेला अशा सालांची भर पडली, आणि लोकांना ती वचनाइतकीच पक्की वाटू लागली. आजोबा त्यातलेच. त्या आकड्याखाली त्यांनी शाईनं रेघ मारलीय आणि शेजारी लिहिलंय, 'निर्गम 20:11'. म्हणजे दहा आज्ञांतली चौथी: परमेश्वरानं सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. आपला आठवडा जर खऱ्या दिवसांचा, तर देवाचाही खऱ्या दिवसांचाच, असं ते म्हणायचे. रविवारी आमच्या घरात सुईदोरासुद्धा कुणी हातात घेत नसे.

त्याच पानावर खालच्या कडेला पप्पांची पेन्सिल आहे. पप्पा हायस्कूलला भूगोल शिकवायचे. आपल्या विहिरी खणताना जो काळा दगड लागतो तो लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, हे ते वर्गात शिकवत आणि संध्याकाळी त्याच हातांनी बायबल उघडत. त्यांनी लिहिलंय, 'स्तोत्र 90:4, 2 पेत्र 3:8'. प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. त्यांच्या मते उत्पत्तीतला दिवस म्हणजे एकेक प्रदीर्घ युग.

आणि कोपऱ्यात, अगदी कागदाच्या काठाला, आत्याचं लहानपणचं अक्षर: 'सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिली सकाळ कशी झाली?' यासाठी तिला ओरडा बसला होता. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडितालाही हाच प्रश्न पडला होता, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आत्या नव्हती. मशीननं अर्धा इंच जरी कापलं असतं तर सगळ्यात आधी तिची ओळ गेली असती.

माझं स्वतःचं मत आजोबा आणि पप्पा या दोघांपेक्षा वेगळं आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय मला त्याच्या रचनेवरून कळतो. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी ज्योती, म्हणजे सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी अंतराळ आणि पाणी, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, सहाव्या दिवशी तिच्यावर पशू आणि माणूस. आधी तीन घरं उभी राहतात, मग त्यांत राहणारे येतात. दुसऱ्या अध्यायात क्रमच बदलतो, तिथं माणूस आधी आणि झाडं नंतर. लिहिणाऱ्याला घड्याळ लावायचं असतं तर हे दोन अध्याय शेजारी ठेवलेच नसते, असं मला मनापासून वाटतं. विज्ञानाला घाबरून आपण अर्थ बदलला, असं आमच्या मंडळीत काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन इ.स. 430 मध्ये वारला, तेव्हा भूगर्भशास्त्र कुठं होतं? तरी देवानं सगळं एकाच वेळी निर्माण केलं आणि हे दिवस सूर्यानं मोजायचे दिवस नव्हेत, असं त्याचं म्हणणं होतं.

चाचांनी हे सगळं ऐकून घेतलं. "आमच्यातबी सहाच दिवस हैत," एवढं म्हणाले आणि पान अलगद उलटलं.

आता काम. जुनी शिवण उसवून प्रत्येक जुडी वेगळी केली, फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागद लावला आणि दोऱ्यानं जुड्या एकमेकींत शिवल्या. बाजूनं भोकं पाडून शिवलं असतं तर आतली कड शिवणीत गेली असती. आता पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. एकही बाजू कापलेली नाही, त्यामुळे पानांचे काठ वरखाली दिसतात. मला तेच हवं होतं. खळीत मोरचूद घातलंय, म्हणून कसर लागणार नाही. वास मात्र आठवडाभर राहिला. पाठीला काळं कापड, पुठ्ठा जाड आणि चांगला वाळलेला. सुरुवातीला चार कोरी पानं त्यांनी न सांगता जोडली.

उणीव सांगायची तर तीन आठवडे म्हणाले आणि पाच लागले, त्यात मी चार हेलपाटे घातले. पाठीवरची सोनेरी अक्षरं किंचित तिरकी बसलीत. 850 रुपये घेतले. एवढ्या हातकामाला ते कमीच आहेत, मी तसं बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं. पुस्तक देताना कड कापायची नाही हे तोंडी सांगाच, शिवाय चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा, कारण चाचा नमाजाला गेले की मशीनवर मुलगा बसतो.