रोकिटान्स्की की फिरखो: शवविच्छेदनाच्या दोन पद्धती

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात विकृतिशास्त्रज्ञ (आजारामुळे शरीरात होणारे बदल तपासणारे डॉक्टर) कार्ल रोकिटान्स्की अवयव बाहेर न काढता देहातच, जागच्या जागी उघडून पाहत. त्यांच्या नावावर सुमारे 30,000 शवविच्छेदनं सांगितली जातात. या पद्धतीत अवयवांचे परस्परसंबंध शाबूत राहतात, आणि संसर्गाची भीती असलेल्या मृतदेहासाठी ती आजही सोयीची ठरते.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात दुसरे विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोंनी वेगळी शिस्त लावली: ठरलेल्या क्रमाने एकेक अवयव बाहेर काढा, वजन करा, कापून पाहा, दिसेल ते लगेच टिपा. 1876 साली त्यांनी शवविच्छेदनाच्या तंत्रावर पुस्तकच काढलं. उणीव मात्र खरी आहे. फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी घ्या. हृदय आणि फुप्फुसं आधीच वेगळी केली, तर ती निसटून जाते. म्हणून धमनी देहातच उघडून पाहायची.

तरीही विद्यार्थ्याने सुरुवात फिरखोंपासून करावी, असं मला ठामपणे वाटतं. ठरलेल्या क्रमामुळे काही पाहायचं राहत नाही आणि अहवाल आपोआप नीट उतरतो. ‘यकृत सामान्य’ एवढंच लिहून भागत नाही. वजन, रंग, कडा, कापलेला पृष्ठभाग, सगळं नोंदवावं लागतं. हात बसला की रोकिटान्स्कींची पद्धत शिकावी.