शाळेतली सोलर लॅब: जुने डेस्कटॉप, सेकंडहँड लॅपटॉप की रास्पबेरी पाय?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या आश्रमशाळेत सोलरवर कॉम्प्युटर लावायचेत आणि कॉलेजच्या टीममध्ये कुठले घ्यायचे यावरून वाद चाललाय, तर स्पीड, रॅम वगैरे सगळं जरा बाजूला ठेवा आणि आधी वॅट मोजा.

जुने डेस्कटॉप फुकट मिळतात हे खरंय. मुंबईत अंधेरी, बीकेसीच्या ऑफिसांतून अपग्रेड झाला की मॉनिटरसकट बाहेर पडतात. पण एक सेट सहज १०० वॅट खातो, दहा सेट रोज चार तास चालवले की झाले ४ युनिट, म्हणजे नुकसान धरून १२००-१३०० वॅटचे पॅनल हवेत. ढगाळ दिवसासाठी बॅटरी वेगळी, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, त्यामुळे १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीतून ०.९ युनिटच हाताला लागतं, अशा पाच बॅटऱ्या आणि वर मोठा इन्व्हर्टर. कॉम्प्युटर फुकट आणि सगळा फंड छपरावर गेला!

रास्पबेरी पाय ४ म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर, त्याचं उलट आहे. तो स्वतः ३ ते ७ वॅट घेतो, छोटा एलईडी मॉनिटर १५-२०, म्हणजे दहा सेट २७० वॅटमध्ये बसतात आणि कागदावर डेस्कटॉपला सहज हरवतो. पण मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, अ‍ॅडॅप्टर, मेमरी कार्ड सगळं विकत घ्या, आणि वीज अचानक गेली की कार्ड करप्ट होऊ शकतं, मग त्यावर सगळी सिस्टम परत कोण टाकणार? तालुक्याच्या दुकानात लॅपटॉप दुरुस्त करणारा भेटतो, पायवाला भेटणं कठीण.

म्हणून माझं मत सेकंडहँड लॅपटॉपला. साध्या कामाला १५ ते ३० वॅट, आणि प्रत्येकात स्वतःची बॅटरी, ती वीसच मिनिटं टिकली तरी ढग आला म्हणून मुलांचं काम उडत नाही. संध्याकाळी कपाटात कुलूपबंद करता येतात. फक्त सगळे एकाच मॉडेलचे घ्या, दहा लागत असतील तर बारा घ्या म्हणजे दोन पार्टसाठी राहतात, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये त्याचे कीबोर्ड-अ‍ॅडॅप्टर मिळतात का ते आधी विचारून या. बॅटरी फुगलेली दिसली तर तो पीस घेऊच नका. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय आणि बऱ्याच जुन्या मशीनवर ११ चढत नाही, तर सरळ उबुंटू ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम टाका.

पाय अगदीच सोडू नका, एक घ्या, सर्व्हर म्हणून. त्यावर कोलिब्री हे ऑफलाइन धड्यांचं सॉफ्टवेअर टाकलं की इंटरनेट नसताना वायफायवर सगळे लॅपटॉप धडे उघडतात. कोलिब्रीच्या आधीचं केए लाइट, म्हणजे खान अ‍ॅकॅडमीचे धडे ऑफलाइन दाखवणारं सॉफ्टवेअर, २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यार्थ्यांनीच सुरू केलेलं, मला हे फार भारी वाटतं. जोडीला किविक्स या ऑफलाइन वाचायच्या अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया, बालभारतीच्या पीडीएफ आणि आयआयटी मुंबईचे मराठी स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ.

आता पाऊस, आणि इथेच हिशोब फसतो. ऊन सगळ्यात चांगलं एप्रिल-मेमध्ये, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हाच आभाळ भरतं. वर्षाच्या सरासरी उन्हावर दहा लॅपटॉप एका ३३५ वॅटच्या पॅनलवर निघतील, पण जुलैसाठी दोन-तीन लावा आणि तरी काही दिवस अर्धेच लॅपटॉप चालतील हे सरांना आधीच सांगून ठेवा. तोंड दक्षिणेला, तिरपेपणा साधारण २० अंश, आणि छप्पर कौलांचं असेल तर पॅनल जमिनीवर स्टँड करून लावा.

माणसांचंही बघा. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास भरले, फायनल इयर संपलं की टीम पांगते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला कुणीतरी लागतं आणि तीन ते पाच वर्षांत ती बदलावी लागते, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पण जास्त टिकते आणि पाणी लागत नाही, परवडत असेल तर तीच घ्या. शाळेतल्या एका मॅडमना किंवा सरांना आणि आठवीतल्या तीन-चार मुलांना बसवून वायर काढून परत जोडायला लावा, नुसतं दाखवू नका.

शाळेत महावितरणची वीज बऱ्यापैकी टिकत असेल आणि सोलर फक्त बॅकअपला हवं असेल तर मात्र डेस्कटॉप घ्यायला माझी हरकत नाही. आणि शाळेकडे आधीच चालू मॉनिटर पडलेत, शिवाय इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेले एखादे सर आहेत, तर दहाही पाय बिनधास्त लावा.