राऊजवळचं हॉटेल, सात फेऱ्या आणि बावीस किलोचा जिरू

ऑगस्ट ते जानेवारी पुणे-इंदूर अशा सात फेऱ्या झाल्या, आणि त्यातल्या सतरा रात्री इंदूरलगतच्या राऊच्या बाजूला बायपासवरच्या एकाच हॉटेलात काढल्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. माहेर इंदुरातल्या रामबागेत, पण दादाच्या धाकट्याला दमा आहे आणि आमच्याकडे जिरू आहे. जिरू म्हणजे बावीस किलोचा गावठी कुत्रा. रंग पोह्यांवर भुरभुरवतात त्या जीरावन मसाल्याचा, म्हणून हे नाव. त्याला रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटा पाठवा. पहिलं परवडत नाही, दुसरं करवत नाही. म्हणून गाडी.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही सांगायच्या आहेत आणि तिथली माणसं भली आहेत.

खरं तर पहिल्या फेरीला बुकिंग दुसरीकडेच होतं. अॅपवर पाळीव प्राणी चालतात असं पंजाचं चिन्ह होतं, पैसेही भरले होते. धुळ्यानंतर बिजासनचा घाट, खलघाटला नर्मदा, मग मानपूरच्या चढणीवर ट्रकांच्या मागे सरपटत रात्री साडेअकराला पोचलो. जिरू गाडीतून उतरला आणि रिसेप्शनवरचा मुलगा दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, हमको लगा छोटा डॉगी होगा." पार्किंगमध्ये उभी राहून पाच-सहा ठिकाणी फोन केले. एकानंच उलट विचारलं, "वजन कितना है? और भौंकता है क्या?" तिथेच गेले आणि मग तिथेच जात राहिले. तेव्हापासून कुठेही बुकिंग करताना आधी फोन करून कुत्र्याचं वजन सांगते. 'पेट' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर पामेरियन येतो.

भाडं रात्रीचे १,६०० आणि जिरूचे ३००. चोवीस तासांचं चेकआउट, म्हणजे मध्यरात्री पोचलं तरी दुपारी बाराला हाकलत नाहीत. आमच्यासारख्यांना हे ३०० रुपयांच्या सवलतीपेक्षा मोलाचं. खोली साधी. बोअरचं पाणी जड, केस धुतले की काथ्या. एसी चांगला. जानेवारीत फरशी बर्फ होते, तेव्हा जिरूची गोधडी घरून न्यावी लागली.

खोली मात्र मागून घ्या. पहिल्या खेपेला रस्त्याकडची पहिल्या मजल्यावरची मिळाली होती. रात्रभर ट्रकांचे हॉर्न, प्रत्येक हॉर्नला जिरूचं उत्तर, आणि पहाटे त्याला शू लागली की अंधारा जिना. आता तळमजल्यावर मागच्या रांगेतली, जिचं दार थेट आवारात उघडतं, तीच घेते. तीही निर्धोक नाही, हे नोव्हेंबरात कळलं. मागच्या भिंतीपलीकडे मॅरेज गार्डन आहे. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम २००० सालापासून आहे, पण वरातीला घड्याळ नसतं. पावणेअकराला फटाक्यांची माळ लागली आणि जिरू बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसला, तो सकाळपर्यंत. मॅनेजर म्हणाला, "भिया, ये तो अपने हाथ में नी है." बरोबर आहे. पण बुकिंग घेताना सांगणं तर हातात होतं. हल्ली मी स्वतःच विचारते, त्या तारखेला पलीकडे लग्न आहे का?

सगळ्यात मोठी कटकट गोचिडांची. सप्टेंबरच्या फेरीत दुसऱ्या दिवशी जिरूच्या कानामागे एक सापडली. मग पडद्याच्या दुमडीत दोन, पलंगाच्या मागच्या भेगेत आणखी. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड गवतातच असते असं नाही. ती घरात, भिंतीच्या फटीत पिढ्यान्‌पिढ्या नांदते, आणि एक मादी हजारो अंडी घालते. म्हणजे जिथे कुत्र्यांना घेतात त्याच हॉटेलात हा धोका जास्त, हे आधी सुचलंच नव्हतं. पुण्याला परतल्यावर दहा-बारा दिवसांनी जिरूला ताप, खाणं बंद, रक्तात प्लेटलेट उतरलेल्या. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया निघाला. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन. तो त्या खोलीतूनच आला असं छातीठोक म्हणता येणार नाही, कारण त्या महिन्याची गोचिडांची गोळी द्यायला मीच विसरले होते. हॉटेलला कळवल्यावर त्यांनी पडदे काढले, भेगा बुजवल्या, फवारणी केली. नंतरच्या फेऱ्यांत एकही दिसली नाही. तरी सामान आत न्यायच्या आधी मी टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी आणि कोपरे बघते. जिरू तोवर गाडीतून माझ्याकडे बघत असतो.

स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी, त्यामुळे उकडलेली अंडी आत न्यायची नाहीत. कोरडं खाणं चालतं, त्यात काय काय असतं ते कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. दहीभात करून देतात, पण सुरुवातीला भातात कांद्याची फोडणी आली होती. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. आता मी फोनवरच "बिना तड़का, बिना नमक" म्हणते आणि पलीकडून "जिरूवाला चावल" असं उत्तर येतं.

कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायला परवानगी नाही. हे आधी कोणीच सांगत नाही आणि नेमकं हेच अडतं, कारण आपण गावात काही कामानं आलेले असतो. मी त्याला रामबागेत नेते. तो अंगणात बांधलेला, आई ओट्यावर खुर्ची टाकून व्यायामाचे वीस पाय मोजते, तो प्रत्येक मोजणीला कान हलवतो. धाकटा खिडकीतून हात करतो.

बिलाकडे लक्ष ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला, माझ्या नोव्हेंबरच्या बिलात मात्र १२ लावला होता. दाखवल्यावर निमूट नवीन बिल दिलं.

आणि रात्रपाळीचे चौकीदार काका. पहिल्याच पहाटे मी जिरूची पिशवी हातात घेऊन कचऱ्याच्या डब्यांपुढे उभी होते. इंदुरात कचऱ्याचे सहा प्रकार करतात, त्यातला हा कुठला? काकांनी गंभीरपणे विचार केला. "गीला तो है, मैडम. पर सब्जी के साथ डालो तो मन नी मानता." शेवटी त्यांनी कोपऱ्यात एक झाकणाची बादली ठेवली, ती अजून आहे. रात्री अडीचला जिरूला बाहेर काढायचं असलं तर कुलूप उघडून देतात, आणि रस्त्यावरची भटकी कुत्री फाटकाशी आली तर काठी आपटतात. सोळा खोल्यांच्या त्या हॉटेलात मी पुन्हा जाते ती निम्मी त्यांच्यामुळे.

मार्चमध्ये आईची तपासणी आहे. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि गावभर ढोल, म्हणून तारीख तीन दिवस पुढे ढकलली. मागच्या रांगेतली खोली सांगून ठेवली आहे, मॅनेजरनं गार्डनवाल्याला विचारून कळवतो म्हटलंय.